तुझ्याकडे आहे ना?

भिलाईच्या वैशाली नगरमधून बोलतेय. मागच्या भागात मी ओझरतं म्हणाले होते की आमच्या व्हिएतनामच्या प्रवासात पासपोर्ट हरवला होता. तेव्हापासून सगळे तेच विचारतायत, मग पुढे काय झालं? आज ते सांगते. फक्त गंमत म्हणून नाही. पासपोर्ट हरवला तर काय करायचं, पैशांची सोय कशी ठेवायची, हेही सांगते. नवराबायको दोघंच निघणार असाल तर वही जवळ घेऊन बसा.

आधी थोडं आमच्याबद्दल. भिलाईकरांना परदेश तसा अनोळखी नाही. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. माझ्या लहानपणी सेक्टरमध्ये रशियन इंजिनिअरांची कुटुंबं राहायची. परदेश आमच्या दाराशी यायचा, आम्ही मात्र कधी बाहेर पडलो नाही. पुलंचं ‘पूर्वरंग’ वाचून पूर्वेकडचे देश मनात बसले होते, तेवढंच. हे निवृत्त झाले, पाठोपाठ मीही शाळेतून निवृत्त झाले, आणि ठरवलं की टूर कंपनी नको. पाठीला एकेक सॅक, सात किलोच्या आत, आणि जिथे आवडेल तिथे दोन दिवस जास्त. शेजारी म्हणाले, “इस उमर में?” म्हटलं, याच उमर में वेळ मिळालाय.

पहिला घोटाळा घरातच झाला. कोलकात्याहून हनोईचं विमान १२ तारखेला ००:३५ ला होतं. आम्ही दुर्गहून हावड्याच्या गाडीचं तिकीट असं काढलं की १२ तारखेला सकाळी पोचू, दिवसभर आराम करू आणि रात्री विमानात बसू. पुण्याहून मुलीचा फोन आला. “आई, बारा तारखेचे शून्य वाजून पस्तीस मिनिटं म्हणजे अकरा तारखेची रात्र! तुम्ही पोचाल तेव्हा विमान गेलेलं असेल.” मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “मला वाटलं तू बघितलंयस.” मी म्हटलं, “मला वाटलं तुम्ही बघितलंय.” तत्काळमध्ये दुसरं तिकीट मिळालं म्हणून निभावलं. लक्षात ठेवा, तिकिटावर ०० ते ०४ यांमधली वेळ दिसली की विमानतळावर आदल्या रात्री पोचायचं.

दुसरा घोटाळा नोटांचा. व्हिएतनामचं चलन डाँग. आपल्या एका रुपयाचे साधारण तीनशे डाँग होतात, त्यामुळे पाकिटात एकदम लाखांच्या नोटा येतात. त्यात वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. वीस हजार म्हणजे साठ-सत्तर रुपये, पाच लाख म्हणजे सोळा-सतराशे. यांनी संध्याकाळच्या उजेडात नारळपाणीवालीला पाच लाखांची नोट दिली आणि चालायला लागले. मी बघतच नव्हते, म्हटलं पैसे हे देतायत. ती बाई मागून धावत आली, नोटेवरच्या शून्यांवर बोट ठेवून हसली आणि उरलेले पैसे परत दिले. प्रत्येक वेळी असं माणूस भेटेलच असं नाही. म्हणून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या.

तिसरा कार्डाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर चालतं. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. यांनी त्यांच्या कार्डावर तो सुरू केला होता. माझ्या कार्डाचं कोणीच बघितलं नाही. तिथे बसून सुरू करायला गेले तर ओटीपी आला माझ्या भारतातल्या नंबरवर, आणि ते सिमकार्ड वैशाली नगरच्या घरात, देवघराच्या खणात. तर निघण्याआधी दोघांच्या कार्डांवर परदेशी वापर सुरू करा, आपलं सिम रोमिंग चालू करून बरोबर ठेवा. आणि एटीएमने “रुपयांत वळवून देऊ का” असं विचारलं तर नाही म्हणा. तिथलंच चलन निवडा, कारण मशीनचा दर बहुतेक वेळा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो.

आता मुख्य गोष्ट. हुए शहरातून पहाटेच्या बसने आम्ही होई आनला गेलो. तिथल्या गेस्टहाउसमध्ये नाव लिहिताना पासपोर्ट मागितले. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, म्हणून तिथे सगळीकडेच मागतात. मी माझा काढला. हे म्हणाले, “माझाही दे.” मी म्हटलं, “तुमचा तुमच्याकडे आहे ना?” ते म्हणाले, “नाही, तुझ्याकडे.”

माझी पर्स उलटी केली. त्यांचे खिसे झाले, कमरेचा पट्टा झाला, त्यांची सॅक फरशीवर रिकामी केली. हुएच्या गेस्टहाउसला फोन केला. ते म्हणाले, दोन्ही पासपोर्ट परत दिले. बसवाल्यांना विचारलं, सीटवर काही नाही. मग आमचं जे सुरू झालं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण थोडं सांगते. ते म्हणाले, “तीस वर्षं सगळं तुझ्याच हातात देत आलोय.” मी म्हटलं, “म्हणूनच तुमची वस्तू हरवली तरी ती माझ्याकडूनच हरवते.” त्यानंतर दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

काम काय, तर हे. पासपोर्ट हरवला की आधी स्थानिक पोलिसांकडून हरवल्याचा कागद घ्यायचा. मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठायचा. व्हिएतनाममध्ये दूतावास हनोईला आणि वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह शहरात आहे. आम्ही होई आनजवळच्या दा नांगहून रात्रीची रेल्वे पकडली, जवळजवळ ८०० किलोमीटर. दूतावासात पोलिसांचा कागद, फोटो, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स आणि अर्ज द्यायचा. पुढचा प्रवास थोडा थांबवता येत असेल तर नवा पासपोर्ट मागता येतो, पण त्याला वेळ लागतो. लवकर घरी यायचं असेल तर ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळतं. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, दुसऱ्या कुठल्याही देशात जाता येत नाही. आणि तो कागद मिळाला म्हणजे लगेच विमानात बसलो असंही नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टवर होता, म्हणून तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून बाहेर पडण्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. आमचे या सगळ्यात नऊ दिवस गेले.

पुढे आम्हाला लाओसला जायचं होतं. तो बेत बुडाला. माझा पासपोर्ट जागेवर होता, म्हणून हे म्हणाले, “तू जाऊन ये लुआंग प्रबांगला. मी थांबतो इथे.” रागाने नाही, अगदी मनापासून. मी गेले नाही. पण दोन दिवसांनी आमचं बोलणं सुरू झालं ते त्या वाक्याने.

सर्टिफिकेट हातात आलं त्या संध्याकाळी मी माझी सॅक धुवायला काढली. पाठीला टेकते त्या गादीच्या आत एक चपटा कप्पा असतो. मी तो कधी वापरलाच नव्हता. हात घातला तर यांचा पासपोर्ट.

मी काही न बोलता समोर ठेवला. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मीच ठेवला. बसच्या आधी, पहाटे पाचला. तू आंघोळीला गेली होतीस. म्हटलं तुझी सॅक जास्त सुरक्षित.” त्या दिवशी आम्ही त्यांची सॅक तीनदा रिकामी केली होती. माझी एकदाही नाही, कारण माझ्या सॅकमध्ये काय आहे ते मला माहीत आहे, अशी माझी खात्री होती.

आता म्हणाल, सापडला, मग काय हरकत? हरकत आहे. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो. नंतर सापडला तरी त्यावर प्रवास करायचा नाही, नाहीतर विमानतळावर अडकाल. आम्ही तो दूतावासात जमा केला आणि कागदावर घरी आलो. परत आल्यावर हरवल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन रायपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून नवा काढला.

या सगळ्याचं मूळ एकच. एकटा माणूस घाबरून दहादा तपासतो. दोघं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. विश्वास चांगलाच, पण विश्वासामुळे तपासणं राहून जातं. म्हणून आम्ही आता चार गोष्टी पाळतो.

एक, ज्याचा पासपोर्ट त्याच्याच अंगावर. दुसऱ्याच्या सामानात काही ठेवायचं तर त्याला सांगून, त्याच्या डोळ्यांदेखत.

दोन, झेरॉक्स उलट. माझ्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत यांच्याकडे, यांची माझ्याकडे. शिवाय दोघांचे फोटो मुलीच्या फोनमध्ये.

तीन, दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या सॅकमध्ये.

चार, रात्री जेवण झालं की पाच मिनिटं उद्याची तारीख आणि वेळ एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तिकिटाशी ताडायची, आणि दोघांनी आपापला पासपोर्ट काढून दाखवायचा. शाळेतल्या हजेरीसारखं.

आणि काही हरवलंच, तर पोलिसांकडे जाण्याआधी एक तास फक्त शोधायला द्या. दोघांच्या सॅक, सगळे कप्पे, आणि एकमेकांच्या सॅक एकमेकांनी तपासायच्या. आपली वस्तू आपल्याला दिसत नाही. पण तासाभरात नाही सापडली, तर मग उशीर करू नका.

या डिसेंबरात लाओसला निघतोय. तिकिटं काढताना यांनी विमानाची वेळ मला दोनदा वाचून दाखवली. मी तिसऱ्यांदा वाचली.

तुमचेही असे घोटाळे झाले असतील तर जरूर कळवा, लाज वाटून घेऊ नका. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.