मुकुट एकीला, मैत्री सगळ्यांना

सौंदर्यस्पर्धा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मुकुट, गाऊन आणि ठरीव हसू. मग यातून आत्मविश्वास येतो तरी कुठून? तो येतो प्रश्नोत्तरांच्या फेरीतून. समोर परीक्षक, भरलेलं सभागृह आणि उत्तराला मोजकेच सेकंद! त्यापुढे आपली व्हायवा बरी म्हणायची. १९९४ च्या फेमिना मिस इंडियात सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण सारखे झाले. निकाल लागला तो एका जादा प्रश्नावर. जिंकली सुश्मिता, पण ऐश्वर्या खचली नाही, त्याच वर्षी ती मिस वर्ल्ड झाली.

आणि मैत्री? स्पर्धक मुली काही आठवडे एकत्र राहतात, तालमी करतात. म्हणजे एक हॉस्टेलच की! १४ डिसेंबर २०१९ ला लंडनमध्ये मिस वर्ल्ड म्हणून जमैकाच्या टोनी-अ‍ॅन सिंगचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा आनंदाने उड्या मारत ओरडली ती नायजेरियाची न्येकाची डग्लस. शेवटच्या पाचांत तीही होती, मुकुट तिचाही हुकला होता!

रूपाला गुण देणाऱ्या या स्पर्धांवर टीका होते, ती रास्तच आहे. पण चारचौघांत बोलायचं धाडस आणि जिवाभावाच्या मैत्रिणी हरलेल्या मुलीही घरी नेऊ शकतात. तेव्हा गॅदरिंगला एखादी मैत्रीण स्टेजवर जायला घाबरत असेल, तर पुढच्या रांगेत बसा आणि तिच्या नावाने जोरात ओरडा!