डॉ. भाऊ दाजी लाड आणि तुवरकाचे गुपित

गोंदिया जिल्ह्यात व्यवसाय करताना कुष्ठाचा रुग्ण दारी आला नाही असे वर्ष सहसा जात नाही. बहुविध औषधोपचारासाठी त्यास तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठवणे हेच आपले कर्तव्य, याविषयी दुमत नसावे. परंतु अशा वेळी मला हटकून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण होते.

गोव्यातील मांद्रे गावचे हे कुटुंब मुंबईस आले. भाऊ १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाले. गोरगरिबांना विनामूल्य औषध देणारा हा वैद्य सार्वजनिक कार्यातही तितकाच रमला. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. कंपनी सरकारच्या कारभाराविषयीची गाऱ्हाणी या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडली. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात, बड्या धर्मगुरूंच्या विरोधात, त्यांनी निर्भीड साक्ष दिली. पुढे १८६९ व १८७१ अशी दोनदा त्यांना मुंबईची शेरीफकी लाभली.

असा उघड बोलणारा पुरुष एका बाबतीत मात्र मौन धरून राहिला. कुष्ठावरील त्यांच्या औषधात मुख्य द्रव्य होते कडू कवठीच्या बियांचे तेल, म्हणजे आपला तुवरक. पश्चिम समुद्रकिनारी वाढणाऱ्या या वृक्षाचा कल्प सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात सांगितला आहे. पूर्ण खात्री पटल्यावाचून पाठ प्रकट करावयाचा नाही, असा भाऊंचा निश्चय. हेतू शुद्ध होता, हे मान्य. तरीही समकालीन डॉक्टरांनी त्यांना दोष दिला तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. पाठच ठाऊक नसेल तर दुसऱ्याने पडताळा घ्यावा कसा? तिकडे कलकत्त्यात डॉ. मोआट यांनी चौलमोगऱ्याचे अनुभव १८५४ मध्येच छापून टाकले होते. त्याच तेलावर १९१५ च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने सुईवाटे देण्याजोगे रूप सिद्ध केले. भाऊ ३१ मे १८७४ रोजी निवर्तले. त्यांचे स्वहस्ते लिहिलेले विवेचन प्रसिद्ध झालेच नाही.

औषधालयचालक बंधूंना हे वाचून राग येईल. पाठ हीच त्यांची पुंजी. पण ज्या वृद्ध वैद्यांकडे मी उमेदवारी केली, त्यांचे नाडीव्रणावरील तेल पंचक्रोशीत नावाजलेले होते. एक वनस्पती ते स्वतः रानातून आणीत, वाटून झाल्यावरच आम्हांस आत बोलावीत. त्यांच्या पश्चात मुलाने मला तेलाची बाटली आणून दिली. तळाशी बोटभर तेल आहे. त्यात काय आहे, ते आम्हां दोघांनाही ठाऊक नाही.