काचेच्या नळीतील नरक्या

सह्याद्रीच्या दाट रानात ‘नरक्या’ नावाचा एक लहानसा वृक्ष आढळतो. फुलांना दुर्गंधी, म्हणून नावही तसेच. पण या उपेक्षित वृक्षात कॅम्प्टोथेसिन हे अमोल द्रव्य असते. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच नरक्यात सापडले. कर्करोगावरील टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे या द्रव्यापासूनच बनतात. त्यासाठी खोड आणि मुळे लागतात; म्हणजे फळ तोडून झाड राखावे, अशी येथे सोय नाही. जो माणसाचे प्राण वाचवतो, त्याच्याच मुळावर माणूस उठला आहे!

यावर एक उपाय म्हणजे ऊतिसंवर्धन, अर्थात टिश्यू कल्चर. वनस्पतीच्या एका पेशीतही संपूर्ण वनस्पती घडविण्याचे सामर्थ्य असते, हा विचार हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडला. प्रयोगशाळेत कोवळ्या फांदीचा डोळ्यासह लहानसा तुकडा घेऊन तो निर्जंतुक करतात. साखर, क्षार, जीवनसत्त्वे व अगार यांच्या खळीवर काचेच्या नळीत तो ठेवतात. सायटोकायनिन या संप्रेरकाने त्याला धुमारे फुटतात, तर ऑक्सिनने मुळे. प्रत्येक धुमाऱ्याचे पुन्हा तुकडे करावेत, पुन्हा धुमारे घ्यावेत. असे एकाचे शेकडो होतात. मग ही नाजूक रोपे सावलीत, दमट हवेत हळूहळू बाहेरच्या जगाला सरावतात. आपल्याकडे शेतकरी टिश्यूची केळी लावतात, ती याच रीतीने तयार झालेली असतात.

मग झाडाऐवजी नळीतच औषध का करू नये? तसे प्रयत्न झाले आहेत; परंतु पेशींच्या नुसत्या गोळ्यात कॅम्प्टोथेसिन झाडाच्या मानाने फारच थोडे भरते. तेव्हा रोपे वाढवून लागवड करणे, हाच आज अधिक भरवशाचा मार्ग दिसतो.

येथे एक सावधगिरी हवी. एकाच झाडापासून केलेली सारी रोपे गुणांनी सारखीच. एखादा रोग आला, तर सगळी एकदमच बळी पडावयाची. म्हणून निरनिराळ्या रानांतील अनेक झाडांचे तुकडे घेतले पाहिजेत, आणि त्यासाठी ती झाडे रानात उभी असली पाहिजेत. प्रयोगशाळा झाडाच्या प्रती काढू शकते. मूळ प्रत मात्र रानातच असते. ती फाटली, तर कशाच्या प्रती काढणार?

म्हणून औषधासाठी लागणारा नरक्या शेतात वाढावा आणि रानातला रानात राहावा. ऊतिसंवर्धनाचे खरे यश नळ्यांच्या संख्येवर नव्हे, तर न पडलेल्या कुऱ्हाडीच्या घावांवर मोजावे लागेल.