अंगणाची वहिवाट

महाड कसब्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, पाचाड मागे टाकून रस्ता रायगडाच्या पायथ्याला बिलगू लागला म्हणजे हिरकणीवाडी लागते. १९९६ साली येथून गडावर जाणारा रज्जुमार्ग सुरू झाला आणि चौदाशेहून अधिक पायऱ्यांची चढण चार-पाच मिनिटांत उरकू लागली. तेव्हापासून येथे उतरणाऱ्या प्रवाशाची दृष्टी बहुधा वर, तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यांकडे लागलेली असते, आणि ज्या वाडीच्या हद्दीत तो उभा असतो तिच्या घरांकडे व अंगणांकडे पाहण्याची त्यास सवड नसते.

वाडीला जिचे नाव मिळाले तिची कथा महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाही. कोजागिरीच्या दिवशी दूध घेऊन गडावर गेलेली गवळण, दिवस मावळताच बंद झालेले दरवाजे, हुकुमावाचून ते उघडण्याची मुभा नसलेले पहारेकरी, घरी भुकेने व्याकूळ झालेले तान्हे मूल आणि त्या मुलाच्या ओढीने सरळसोट कडा उतरून गेलेली आई, इतका तिचा ऐवज. बखरकारांच्या लेखणीपेक्षा लोकांच्या जिभेवर ती अधिक नांदली आहे. एस.टी.च्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी राखलेल्या खोलीलाही आज ‘हिरकणी कक्ष’ हेच नाव आहे. मला मात्र ही कथा आठवली की एक गोष्ट खटकते. घरात वृद्ध सासू होती असे कोणी सांगतात, कोणी सांगत नाहीत. परंतु माझ्या ऐकण्यातल्या एकाही कथनात शेजारीण येत नाही. कथेला ती परवडणारच नव्हती, कारण शेजारणीने मूल उचलून पदराखाली घेतले असते तर कडा उतरण्याचे प्रयोजनच संपले असते. वास्तवातली कोकणची वाडी याच्या नेमकी उलट असते. तेथे शेजाराला वगळून बालपणाची कल्पनाच करता येत नाही, आणि मुंबईच्या उपनगरांत घर शोधीत हिंडणारी आजची तरुण आईबापे, जागेचे क्षेत्रफळ नि स्थानकापासूनचे अंतर विचारून झाल्यावर, काहीशा संकोचाने ‘मुलांना खाली खेळायला सोबत मिळेल ना?’ असे जे विचारतात, त्या प्रश्नाचे उत्तर वाडीच्या रचनेत बरेचसे सापडते.

ती रचना अशी. घराच्या पुढे पडवी, पडवीच्या पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला असलाच तर गुडघाभर उंचीचा दगडी गडगा. पडवी ही घरातही नसते व बाहेरही नसते. तेथे बसून म्हातारी तांदूळ निवडते, कोणी जाळे विणतो, कोणी नुसताच बसतो, आणि या बसण्याचा उद्देश मुलांवर लक्ष ठेवणे हा नसला तरी लक्ष आपोआप राहते. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस ओसरला म्हणजे चिखलाने उखणलेले अंगण पुन्हा उकरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून सपाट करतात आणि शेणाने सारवतात. हे सारे भाताच्या झोडणीसाठी व वाळवणासाठी. मुलांचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नसतो. परंतु झोडणी आटोपून पेंढा रचला गेला, की दिवाळीपासून वैशाखापर्यंत तीच भूमी लंगडीची, लगोरीची आणि डबा ऐसपैसची होते. एका घराचे अंगण कोठे संपते व दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे महसुली दप्तर सांगू शकेल, मुलांचे पाय सांगू शकणार नाहीत. पावसाळ्यात खेळ पडवीत शिरतो आणि सागरगोट्यांना बहर येतो. एवढाच काय तो ऋतुबदल.

येथे कोणत्याही दप्तरात ‘क्रीडांगण’ अशी नोंद नाही हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुले खेळतात ती वहिवाटीने. त्यांच्या आधीची मुले तेथे खेळली होती, त्यांच्याही आधीची खेळली होती, आणि पलीकडच्या घरची काकू चेंडू परत फेकताना ‘पुन्हा वाळवणावर आलात तर बघा’ असे ओरडते तेव्हा त्या ओरडण्यातच हक्काची मान्यता असते. मालकीपेक्षा वहिवाट एका बाबतीत दुबळी, कारण ती चालू ठेवली तरच टिकते. वर्षानुवर्षे जिच्यावरून कोणी चालले नाही ती पायवाट गवताखाली जाते आणि मग तिच्यावर हक्क सांगणाऱ्यालाच साक्षीदार शोधावे लागतात.

वाडीचे हे चित्र येथेच थांबविले तर ते सुंदर होईल, पण खरे होणार नाही. कोकणातील वाड्या जातवार वसलेल्या असत आणि एका वाडीचे मोकळे अंगण दुसऱ्या वाडीच्या मुलाला मोकळे असेच असे नव्हते. हिरकणीवाडी ज्या तालुक्यात येते त्या महाडातच या प्रश्नाचा सर्वांत मोठा पंचनामा झालेला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला होता. महाडच्या नगरपालिकेने पुढील वर्षी त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. कागद पुरा होता. पाणी मात्र कोणी भरू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी, महाडात भरलेल्या परिषदेच्या वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे प्रतिपक्षाने न्यायालयात धाव घेतली ती अनादि वहिवाटीचा आधार सांगत. तो दावा उच्च न्यायालयाने १९३७ साली कायमचा निकालात काढला. मुलांच्या खेळाची त्या मनुष्यत्वाच्या लढ्याशी तुलना करणे अप्रशस्त ठरेल. परंतु कागदावरचा हक्क आणि अंगवळणी पडलेला हक्क यांतील अंतर किती जीवघेणे असू शकते, आणि वहिवाट हा शब्द आत घेण्यासाठी जितका वापरता येतो तितकाच बाहेर ठेवण्यासाठीही कसा वापरला जातो, हे महाडइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते. ‘स्नेहशील वस्ती’ शोधणाऱ्याने स्नेह कोणापुरता हे विचारलेच पाहिजे.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागातील भातशेती कुटुंबाला वर्षभर पुरत नसे, म्हणून येथील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले व मागाहून त्यांचे बिऱ्हाड गेले. लालबाग-परळच्या चाळीत त्यांना पडवी मिळाली ती सामाईक सज्जाच्या रूपाने. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत खोली १६० चौरस फुटांची, पण दाराबाहेर सर्वांची मिळून एक मार्गिका आणि चाळींलगत जांबोरी मैदान. चाळीच्या आठवणींवर गहिवरणाऱ्यांनी हेही सांगावे की आठ-दहा माणसांच्या त्या खोलीत मुलाला बसायलाच जागा नसे. मुले बाहेर खेळत त्यात संस्कृतीचा वाटा होता तितकाच दाटीचाही होता. तथापि बाहेर पडलेल्या मुलाला तेथे कोणीतरी पाहणारे होते, ही गोष्ट उरतेच.

उपनगरांची पहिली पिढीही या बाबतीत दरिद्री नव्हती. दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले, आणि त्याच्या भोवतीच्या दुमजली-तिमजली घरांच्या गच्च्यांतून मैदान दिसत असल्यामुळे जेवायला बोलावण्यासाठी आईला जिना उतरावा लागत नसे. वांद्र्याच्या पूर्वेस मराठी लेखकांनी सहकारी तत्त्वावर उभारलेली ‘साहित्य सहवास’ ही वसाहत तर याहून लहान. विंदा करंदीकर तेथे राहत, प्राध्यापक रमेश तेंडुलकर तेथे राहत, आणि प्राध्यापकांचा धाकटा मुलगा सचिन तेथील इमारतींच्या मधल्या जागेतच प्रथम चेंडू टोलवायला शिकला. त्या जागेतून पुढे काय निपजले याची वार्ता जगाला आहे. परंतु अशा वसाहतीचे महत्त्व एका विक्रमवीरामुळे ठरवू नये. त्याच्याबरोबर खेळून पुढे कोणीच न झालेल्या मुलांनाही ती संध्याकाळ तितकीच लाभली होती.

आज मुंबईपासून दूर दूर सरकत गेलेल्या बदलापूर-विरार-पनवेलच्या पट्ट्यात कागदाची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी भूखंडाच्या आकारमानानुसार पंधरा ते पंचवीस टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवण्याचे बंधन घातले. मुंबईबाहेर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर एक दशांश जागा मोकळी सोडावी लागते. त्याआधीच विकासकांनी ही जागा वाहनतळाच्या छतावर, ज्यास पोडियम म्हणतात तेथे, दाखविण्याची तजवीज केली तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात निर्णय दिला की नियमाने आवश्यक असलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे. छतावर द्यायची ती वरकड द्यावी. निर्णय दूरदर्शी होता, आणि झाडाला तसेच मुलाला माती लागते हे त्याने कायद्याच्या भाषेत मान्य केले. पण नकाशात हिरव्या रंगाने दाखविलेला तो तुकडा प्रत्यक्षात बहुधा कुंपणाच्या कोपऱ्यात, मोटारींच्या दोन रांगांपलीकडे असतो. तेथे घसरगुंडी असते, झोका असतो, ‘चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटीही असते, आणि भर संध्याकाळी मूल मात्र एकही नसते.

याचे कारण मोटार हे आहे, असे मी आडपडदा न ठेवता म्हणेन. डोनाल्ड अॅपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्को शहरातील एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांची पाहणी करून १९७२ साली असे दाखवून दिले की ज्या रस्त्यावरून दिवसाला सुमारे दोन हजार वाहने जात तेथील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, आणि जेथून सोळा हजार जात तेथे एकही धड नव्हता, सरासरी ०.९ होती. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी गल्लीत फरसबंदी उखडून, झाडे आणि बाके आडवी आणून वाहनांना पादचाऱ्याच्या गतीने चालणे भाग पाडले. १९७६ साली तेथील सरकारने अशा ‘राहत्या गल्ली’ला कायद्याचे स्वरूप दिले. हिरकणीवाडीलाही मोटारींचा हा अनुभव नवा नाही. शनिवार-रविवारी रज्जुमार्गाच्या पायथ्याशी मोटारींच्या रांगा लागतात, आणि एरवी वाडीच्या दोन्ही अंगांना जोडणारा रस्ता तेवढ्यापुरता तिला दुभंगतो. आणखी एक विपरीतता अशी की वाडीची अंगणे आजही शाबूत असली तरी त्यांत धावणारी अनेक मुले चाकरमान्यांच्या बिऱ्हाडांबरोबर उपनगरांत गेली आहेत व ती गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुटीत तेवढी परततात. त्या दिवसांत मुंबईत एकट्याने दार उघडण्याची परवानगी नसलेले सहा वर्षांचे मूल येथे सकाळी पेज पिऊन बाहेर पडते ते दुपारी भूक लागल्यावरच घर शोधते. मूल तेच, आईही तीच. फक्त वाटेत पाहणारी माणसे पेरलेली असतात, एवढ्याने तिची भीती निम्मी होते.

मग घर शोधणाऱ्याने काय पाहावे? विक्रेत्याबरोबर रविवारी सकाळी नमुन्याचे घर पाहण्याऐवजी कोणासही न कळविता कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जावे आणि फाटकाजवळ नुसते उभे राहावे. फरशीवर खडूने आखलेल्या चौकटी दिसतात का, जिन्याच्या तोंडाशी लहान चपलांचा ढीग आहे का, वृद्ध मंडळी कोठे बसतात व त्यांच्या बाकावरून मुले दिसतात का, याची टिपणी संगमरवरी प्रवेशदालनाच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून खाली हाक पोहोचते. अठराव्यावरून पोहोचत नाही, हा साधा हिशेबही करावा. वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र आहेत की एकाच वयाचा घोळका शिक्षकाच्या देखरेखीखाली फुटबॉलचा ‘वर्ग’ करीत आहे, हे बघावे, कारण लगोरीचे नियम दहा वर्षांचे मूल सहा वर्षांच्याला शिकवते आणि लिंबूटिंबूला दोन डाव जादा देण्याचा न्यायही तेथेच शिकले जाते. शेवटी, आणि हे माझ्या मते सर्वांत निर्णायक, पहारेकऱ्याचा किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मुलगा त्या खेळात आहे की कुंपणाला टेकून पाहतो आहे, ते पाहावे. तो बाहेर असेल तर तेथला स्नेह गाळून घेतलेला आहे. आज तो त्याला वगळतो, उद्या भाडेकरूच्या मुलाला, परवा ज्याच्या घरी वेगळे शिजते त्याला वगळील.

राहते घर घेऊन झालेल्यांची वाटही बंद नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरसाल ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, आणि तिच्या विषयपत्रिकेत गळती, रंग नि थकबाकी यांच्या जोडीला एक विषय लेखी देऊन घालता येतो: संध्याकाळी पाच ते सात इमारतींच्या मधल्या रस्त्यावर मोटार चालवू नये, आणि चेंडूवरील मनाई काढावी. पहिल्या वर्षी ठराव फेटाळला जाण्याचाच संभव अधिक; मोटारी असलेल्यांचे मताधिक्य असते. तोवर चार घरांनी आपली मुले रोज एकाच वेळी खाली उतरवावीत आणि स्वतः खुर्च्या घेऊन, हातात काहीतरी काम घेऊन, तेथेच बसावे. दुसऱ्या सप्टेंबरला सभेपुढे जायचे ते त्या वर्षभराची वहिवाट पुराव्यादाखल घेऊन.