पाण्यात राहून तहानलेले!

बालमित्रांनो, एक कोडं घालते. आजूबाजूला पाणी, डोक्यावर पाणी, पायाखाली पाणी, तरी शरीर मात्र कोरडं पडत चाललंय. सांगा पाहू, कुठे? वाळवंटात नव्हे, समुद्रात बुडी मारताना!

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. आठवीतल्या माझ्या भाच्याला स्कूबा डायव्हिंग करायचं होतं. म्हणजे पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि समुद्राखालचे रंगीत मासे! पण पठ्ठ्यानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. "मावशी, बोटीत शू लागली तर?" हे त्याचं कारण.

बुडी छान झाली. पण वर आला तो डोकं धरूनच. "मावशी, गरगरतंय गं." बोटवाले काका म्हणाले, "काय रे झिला, पाणी पिलंस काय नाय?" त्याची मान खाली! प्रशिक्षकांनी त्याला नीट तपासलं, सावलीत बसवलं, घोट घोट पाणी दिलं. अर्ध्या तासात स्वारी हसू लागली.

असं का होतं? टाकीतली हवा मुद्दाम कोरडी केलेली असते, नाहीतर टाकी आतून गंजेल. ही कोरडी हवा ओलसर करायला आपलं शरीर स्वतःजवळचं पाणी वापरतं. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ते बाहेर जातं. दुसरी गंमत म्हणजे पाण्याच्या दाबानं हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं! मग मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. त्यात वरचं ऊन, रबरी पोशाखातला घाम आणि बोट लागून उलटी झाली तर विचारूच नका.

मग समुद्राचंच पाणी प्यायलं तर? छे! त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे तहान वाढणारच. मासे मात्र कल्ल्यांवाटे जादा मीठ बाहेर टाकू शकतात. म्हणूनच 1664 साली शिवाजी महाराजांनी मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेव्हा गोड्या पाण्याचं मोल केवढं असेल! दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही तिथल्या विहिरींची नावंच बघा ना.

तर बुडी मारायची असेल तेव्हा आदल्या दिवसापासून थोडं थोडं पाणी प्या. आयत्या वेळी घटाघटा पिऊ नका. लघवी गडद पिवळी दिसली, तर शरीर पाणी मागतंय असं समजा. खोल बुडीत पाण्याची कमतरता धोका वाढवू शकते, असं जाणकार मानतात. आणि वर आल्यावर चक्कर, डोकेदुखी किंवा सांधेदुखी जाणवली, तर 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून गप्प बसू नका. लगेच प्रशिक्षकांना सांगा. कारण वेगळंही असू शकतं.

मालवणहून परतताना मला माझा वर्ग आठवला. शू लागेल म्हणून पाणी न पिणारी मुलं तिथंही आहेत. कुणाला स्वच्छतागृह घाण वाटतं, कुणाला बाईंना विचारायची भीती वाटते. खरं सांगते, "आत्ताच तर मधली सुट्टी झाली!" म्हणत मीही मुलांना खाली बसवलंय. केरळमधल्या शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. आमच्या वर्गात घंटा नाही, पण आता दर दोन तासांनंतर सगळ्यांच्या बाटल्या उघडतात, माझीसुद्धा! आणि 'बाई, जाऊ का?' असं विचारलं की उत्तर एकच, 'जा.'

पालकांनो, आज संध्याकाळी मुलांच्या दप्तरातली पाण्याची बाटली उचलून बघा. जड लागली तर रागावू नका. 'का नाही प्यायलास?' एवढंच प्रेमानं विचारा, आणि उत्तर नीट ऐका.