जामनेर परिसरातील पळसाचा बहर : आस्वाद आणि नोंद

पुष्पदर्शनाचा उत्सव म्हटला की सुशिक्षित वाचकास प्रथम जपान आठवते. तेथील चेरीचा बहर, जलाशयाच्या काठी झाडांखाली बसलेली कुटुंबे, आणि चार-आठ दिवसांत गळून पडणाऱ्या पाकळ्या यांची चित्रे आता आपल्याकडेही घरोघर पोहोचली आहेत. खानदेशच्या उष्ण व कोरड्या मैदानात ही चेरी फुलावयाची नाही. कारण तिच्या कळ्यांची निद्रा मोडण्यास हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. तथापि पुष्पदर्शनास खानदेश पारखा आहे, असे मात्र नव्हे. फाल्गुनाच्या सुमारास जामनेरच्या उत्तरेस वाघूर धरणाच्या जलाशयाकडे, अथवा दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराकडे जो जाईल, त्यास पळसाचा बहर पाहावयास मिळतो. या बहराचे स्वरूप काय, तो आपण कसा अनुभवतो, आणि त्या अनुभवातून ज्ञानाच्या दृष्टीने आपल्या हाती काय उरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जामनेर हे कांग नदीच्या काठी वसलेले गाव. तालुक्याच्या दक्षिणेस अजिंठ्याची रांग असून, तीत उगम पावणारी वाघूर नदी प्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्यावरून वाहत उत्तरेकडे तापीस मिळावयास जाते. मैदानात कपाशी व केळी यांची काळी जमीन, तर डोंगरउतारावर पानझडीचे विरळ जंगल, अशी या भागाची ठेवण आहे. पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढील आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. येथील वृक्षांच्या जीवनक्रमाची किल्ली या आठ महिन्यांत आहे.

पळसाचे शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. यातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'एकबीज' असा असून, त्याच्या चपट्या शेंगेच्या टोकाशी खरोखरच एकच बी असते. हिवाळा सरता सरता झाड आपली पाने टाकते. पाने गेली की त्यांतून होणारे बाष्पीभवन थांबते, आणि खोल मुळांनी शोषलेले व खोडात साठलेले पाणी कळ्यांच्या वाढीस उपलब्ध होते. म्हणून ज्या दिवसांत भोवतालची जमीन भेगाळू लागते, नेमक्या त्याच दिवसांत निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुलांचे घोस लागतात. काळसर मखमली संदलकोशातून बाहेर आलेल्या पाच पाकळ्यांपैकी तळाच्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखा बाक तयार होतो. 'किंशुक', म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते.

या फुलास सुगंध नाही, पण मध भरपूर आहे. भडक रंग, गंधाचा अभाव व मुबलक मध ही पक्ष्यांकडून परागीभवन करून घेणाऱ्या फुलांची ओळख होय. मैना, बुलबुल, सातभाई असे अनेक पक्षी पळसावर गर्दी करतात. परंतु दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परागीभवनाचे खरे काम प्रामुख्याने जांभळा सूर्यपक्षी करतो, असे दाखविले आहे. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात, हा त्यातील आणखी एक लाभ. पुढे वैशाख-ज्येष्ठात शेंगा पिकतात, हलक्या असल्यामुळे वाऱ्यावर दूर जातात, आणि लवकरच येणाऱ्या पहिल्या पावसात बी रुजते. सारांश, ज्यास आपण वसंताचा विलास म्हणतो तो वृक्षाच्या दृष्टीने पावसाच्या आधी बी जमिनीवर पोहोचविण्याचा काटेकोर हिशेब आहे.

पळसाशी आपल्या लोकांचा संबंध केवळ पाहण्याचा नाही. पाने पत्रावळी व द्रोणांस, डिंक व पळसपापडी औषधास, आणि वाळलेली फुले रंगासाठी उपयोगी पडतात. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण त्याच्या त्रिदली पानावरून आली. पळासखेडे हे ग्रामनाम या भागात एकाहून अधिक ठिकाणी आढळते. अजिंठ्याच्या पायथ्याचे अशाच नावाचे गाव हे कविवर्य ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांचे गाव होय. धरणगावी जन्मलेले बालकवी आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचीही कविता याच मातीतील झाडांशी बोलत वाढली. आस्वादाच्या बाबतीत खानदेश दरिद्री नाही, एवढे यावरून निश्चित होते.

उणीव आहे ती दुसऱ्या ठिकाणी. आणि ती ध्यानात येण्यासाठी पुन्हा जपानकडे वळावे लागते. इ. स. ८१२ मध्ये सागा सम्राटाने क्योतो येथील शिन्सेन-एन या सरोवरयुक्त उद्यानात पुष्पदर्शनाचा समारंभ केला, अशी नोंद तेथील राजकीय बखरीत आहे. तेव्हापासून सम्राट, दरबारी व भिक्षू यांनी आपापल्या रोजनिशींत 'आज चेरी पाहावयास गेलो', 'आज मेजवानी झाली' असे लिहून ठेवले. त्यांपैकी कोणासही हवामानशास्त्राची सेवा करावयाची नव्हती. त्यांस केवळ आनंद घ्यावयाचा होता. परंतु आनंदाबरोबर दिनांक लिहिला गेला. यासुयुकी आओनो या संशोधकाने या विखुरलेल्या नोंदी जमवून, चांद्र तिथी सौर दिनांकांत बदलून, क्योतोच्या पूर्ण बहराची सुमारे बारा शतकांची मालिका सिद्ध केली. चेरीचे फुलणे वसंतारंभीच्या तापमानावर अवलंबून असल्याने तापमापक यंत्राचा शोध लागण्यापूर्वीच्या मार्च महिन्याची उष्णताही या मालिकेवरून अनुमानता येते. २०२१ साली तेथे २६ मार्च रोजी पूर्ण बहर आला; तोपर्यंतच्या ज्ञात नोंदींत तो सर्वांत लवकरचा ठरला. पूर्वीचा तसा दिनांक १४०९ सालातील २७ मार्च हा होता.

आता आपल्याकडील स्थिती पाहा. जामनेर परिसरातील कोणत्याही वृद्ध शेतकऱ्यास पळस केव्हा फुलतो असे विचारले, तर 'होळीला' हे उत्तर मिळेल. उत्तर खोटे नाही, पण ते मोजमापास अपुरे आहे. धुळवड २०२३ साली ७ मार्चला होती. २०२४ साली ती २५ मार्चला आली, आणि २०२५ साली १४ मार्चला. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी मागे सरकतो, आणि अधिक मास येताच एकदम पुढे जातो. २०२३ च्या अधिक श्रावणामुळे पुढील वर्षीची धुळवड अठरा दिवसांनी लांबली. वृक्ष मात्र अधिक मास पाळीत नाही. क्योतोच्या अभ्यासात एखाद्या आठवड्याचा फरकही अर्थपूर्ण ठरतो. आपल्या सणांचा खुंटाच अठरा दिवस हलतो, तेव्हा त्यास बांधलेल्या स्मृतीतून असा फरक कळणार कसा? कवितेतील पळस तर सदैव फुललेलाच असतो. तेथे दिनांकाची अपेक्षा करणेच अयोग्य.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. चेरीचे निष्कर्ष पळसास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. थंडीनंतरची ऊब हा चेरीचा मुख्य संकेत आहे. पळसाच्या बाबतीत मागील पावसाळ्याचे पाणी, पानगळीची वेळ, हिवाळ्याची तीव्रता यांपैकी प्रत्येकाचा वाटा किती, हे त्या त्या ठिकाणच्या दीर्घ नोंदींवाचून ठरविता येत नाही. घ्यावयाची आहे ती पद्धती. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून देशभर जी निरीक्षणे चालविली, त्यांचा नियम अत्यंत साधा आहे : ठरलेल्या एका झाडावर पाच-सहा फुले उमलली की बहराचा आरंभ, आणि सुमारे आठ दशांश कळ्या उमलल्या की पूर्ण बहर.

असाच नियम पळसास लावण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नाही. एक झाड निश्चित करावे व दरवर्षी तेच पाहावे. पहिली पाच फुले, पूर्ण बहर, पहिली कोवळी पाने व पहिली गळालेली शेंग, या चार घटनांचे इंग्रजी दिनांक लिहावेत; तिथी हवी तर सोबत लिहावी. जुन्या काळासाठी वनस्पतिसंग्रहालयांतील वाळविलेले नमुने उपयोगी पडतील, कारण फुलासह जतन केलेल्या नमुन्यावर गोळा केल्याचे स्थळ व दिनांक बहुधा असतात. भारतात २०१० पासून चालू झालेल्या 'सीझनवॉच' या उपक्रमात विद्यार्थी व नागरिक अशा नोंदी करीत आले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दोन वर्षांत मालिका पूर्ण होणार नाही, हे खरे. म्हणूनच ती व्यक्तीची न राहता विभागाची असली पाहिजे : झाड तेच, वही तीच, हात मात्र बदलणारे.

या कामातील निकड अशी की, गेलेल्या वर्षाची नोंद पुढे कितीही द्रव्य खर्चून करता येत नाही. बांधावरचे जुने झाड तुटले की त्याच्याबरोबर त्याचा कालक्रमही संपतो. ते पाहणारा वृद्ध गेला की त्याची आठवणही जाते.

वाघूरच्या जलाशयाकाठी फाल्गुनातील एखादी सकाळ शांतपणे घालविणाऱ्यास हे सर्व रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पाण्यावरून येणारा थोडा गार वारा, फुलांतील सूर्यपक्ष्यांची लगबग आणि खाली पडलेला केशरी सडा पाहताना वही काढण्याची इच्छा होत नाही. परंतु क्योतोच्या त्या दरबाऱ्यांनीही आधी आनंदच घेतला होता. घरी परतल्यावर त्यांनी एक ओळ लिहिली, एवढाच त्यांच्यात व आपल्यात फरक. ती ओळ लिहिण्यास येता फाल्गुन पुरेसा जवळ आहे.