‘मॅनहॅटन-काबूल’ : दोन अनामिक मृत्यूंचे एक गीत

प्रस्तावना

युद्ध आणि दहशतवाद यांची चर्चा सामान्यतः राष्ट्र, धर्म, सत्ता व सुरक्षा या संज्ञांच्या आधारे होते. त्या चर्चेत बळी पडलेली व्यक्ती बहुधा आकडा होऊन उरते. फ्रेंच कवी-गायक रनो यांच्या ‘मॅनहॅटन-काबूल’ (२००२) या गीताने अशा दोन बळींना ‘मी’ म्हणून बोलण्याची संधी दिली. या गीताची पार्श्वभूमी, त्याची रचना आणि त्यावर घेता येणारा आक्षेप यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

फ्रेंच ‘शांसाँ’ हा शब्दप्रधान गायनप्रकार असून सत्तेला प्रश्न विचारण्याची त्याची परंपरा जुनी आहे. बोरिस व्हियाँ यांचे ‘ल देझेर्तर’ म्हणजे ‘पळपुटा सैनिक’ हे गीत या परंपरेतील ठळक उदाहरण होय. राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्राच्या रूपातील या गीतात एक सामान्य नागरिक युद्धावर जाण्यास नकार देतो. मुलूजी यांनी ते ७ मे १९५४ रोजी, म्हणजे दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याचा पाडाव झाला त्याच दिवशी, प्रथम गायिले. पुढे त्याच्या आकाशवाणीवरील प्रसारणावर बंदी आली.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेले रनो याच परंपरेतील होत. पॅरिसच्या रस्त्यावरील बोलीला त्यांनी गीतात स्थान दिले आणि १९८३ मध्ये व्हियाँच्या गीताची स्वतःच्या काळाला अनुरूप अशी नवी आवृत्तीही लिहिली. ‘मॅनहॅटन-काबूल’ हे त्यांच्या २००२ च्या ‘बुकाँ दाँफेर’ या संग्रहातील गीत असून संगीत ज्याँ-पिएर ब्युकोलो यांचे आहे. बेल्जियन गायिका अक्सेल रेड यांच्यासह गायिलेल्या या द्वंद्वगीतास २००३ च्या ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ या फ्रेंच संगीत पुरस्कारांत वर्षातील उत्कृष्ट गीताचा मान मिळाला.

गीताची रचना

गीतात दोन आवाज आळीपाळीने बोलतात. पुरुषाचा आवाज न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेल्या एका पोर्तो रिकन नोकरदाराचा आहे. काचेच्या आणि पोलादाच्या उंच इमारतीत त्याचे कार्यालय आहे. स्त्रीचा आवाज एका लहान अफगाण मुलीचा आहे. मॅनहॅटनचे नावही तिने कधी ऐकलेले नाही. दारिद्र्य आणि युद्ध हेच तिचे नित्याचे जीवन आहे. एकाच्या खिडकीवर विमान आदळते, तर दुसरीच्या गावावर बॉम्ब पडतात. ध्रुवपदात दोन्ही आवाज एकत्र येतात. एकमेकांना सर्वस्वी अपरिचित असलेली ही दोन माणसे एकाच हिंसेच्या वेदीवर नष्ट झाली, असा त्याचा आशय आहे.

पात्रांची निवड अर्थपूर्ण आहे. पोर्तो रिको हे बेट १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले आणि तेथील लोकांना १९१७ मध्ये अमेरिकन नागरिकत्व मिळाले. मात्र बेटावर राहणाऱ्या नागरिकास अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत आजही मताधिकार नाही. अर्थात महासत्तेच्या केंद्रस्थानी मरण पावणारा हा माणूसही परिघावरूनच आलेला आहे. धर्माच्या नावाने चालणाऱ्या जुलमाचाही गीतात निषेध आहे. त्यामुळे ते केवळ अमेरिकाविरोधी ठरत नाही.

गणना आणि विषमता

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत, हल्लेखोर वगळता, २,९७७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. न्यूयॉर्क येथील स्मारकावर त्यांतील प्रत्येकाचे नाव कोरलेले आहे आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी अफगाणिस्तानवर हवाई हल्ले सुरू झाले. तेथील नागरी जीवितहानीची संयुक्त राष्ट्रांकडून पद्धतशीर नोंद मात्र २००९ पासून होऊ लागली. २००१ च्या हिवाळ्यात मरण पावलेल्या अफगाण मुलांची पूर्ण नामावली कोठेही नाही. रनो यांच्या गीतात या दोन मृत्यूंच्या वाट्याला सारखीच जागा येते. गणनेतील ही विषमता गीतापुरती तरी दूर होते, हे त्याचे खरे सामर्थ्य होय.

एक आक्षेप

अशा समान मांडणीमुळे नागरिकांना हेतुतः ठार मारणारा दहशतवाद आणि लष्करी कारवाईत झालेली नागरी हानी यांतील फरक पुसला जातो, असा आक्षेप घेता येईल. हेतू, उत्तरदायित्व आणि कायदा यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि गीत मारणाऱ्यांची तुलना करीतच नाही. त्यात बोलतात ते मेलेले. हेतूचा फरक न्यायालयापुढे निर्णायक ठरेल. ढिगाऱ्याखालील मुलीला त्याचा उपयोग नाही. गीताची मर्यादा मात्र येथेच दिसते. हिंसा ‘सनातन’ आहे असे म्हटले की ती कोणी, कोणत्या निर्णयाने घडविली हा प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न इतिहास आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने विचारावयाचा आहे.

निष्कर्ष

गीत प्रसिद्ध झाले तेव्हा अफगाण युद्धास एक वर्षही झाले नव्हते. ते ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेल्यानंतर, संपले. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्चविषयक प्रकल्पाच्या अंदाजानुसार या वीस वर्षांत ४६,००० हून अधिक अफगाण नागरिक ठार झाले. २००२ मध्ये एका मुलीच्या मुखातून आलेले शब्द त्यानंतर हजारोंच्या वाट्याला आले.

सामाजिक शास्त्रांच्या वर्गात आपण आकडेवारी शिकवितो आणि ती शिकविलीच पाहिजे. परंतु त्या आकड्यांत कोणाची नावे आहेत व कोणाची मुळातच नोंदविली गेली नाहीत, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. ‘मॅनहॅटन-काबूल’ हे गीत तो प्रश्न काही मिनिटांत उभा करते.